कुत्र्याचे शेपूट दुखावले तर

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा हे गाव आहे. येथे मोठे रस्ते एकमेकांना मिळतात. एक रस्ता अकोला, वाशीम, हिंगोलीकडून येतो. दुसरा नागपूर, यवतमाळ, उमरखेड, हदगावकडून येतो. येथून पुढे दोन्हींची वाहतूक नांदेडकडे जाते. रात्र असो, दिवस असो, फाट्यावर वाहनांची ये-जा थांबत नाही. येणारा-जाणारा येथे उतरतो, गरम खिचडी खातो आणि पुढे जातो. वारंग्याची खिचडी दूरदूरच्या लोकांना माहीत आहे.

जेथे हॉटेल, तेथे उरलेसुरले अन्न. जेथे अन्न, तेथे कुत्री. काही कुत्री मोकाट असतात. काही घरची असतात. ती रात्री घर राखतात, शेतात हळदीच्या ढिगाजवळ बसतात, लेकरांच्या मागे शाळेपर्यंत जातात. ऊन झाले की हीच कुत्री सावली शोधत उभ्या ट्रकखाली, जीपखाली जाऊन झोपतात. गाडी सुरू होते. कुत्रे चटकन उठते, पण शेपूट मागे राहते.

म्हणून या पाठात आम्ही एका छोट्या दिसणाऱ्या दुखण्याची माहिती देत आहोत. वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या दारात कुत्रे आहे. त्याच्या शेपटाला मार लागला असे वाटले, तर काय पाहावे, काय करावे आणि काय करू नये, हे समजून घेऊ.

समजा असे घडले

फाट्याजवळच्या एका घरी मोती नावाचे कुत्रे आहे. एके दिवशी दुपारी ते ओरडत घरी आले आणि बाजेखाली जाऊन बसले. रोज वर असणारे शेपूट आज खाली लोंबत होते.

नातू म्हणाला, "आजी, मोतीचं शेपूट मोडलं वाटतं. धरून पाहू का?"

आजी म्हणाली, "हात लावू नको बाबा. दुखल्यावर आपलं कुत्रं बी चावतं."

शेजारचे काका म्हणाले, "काही होत नाही हो. हळद दाबा अन् फडक्यानं आवळून बांधा. नाहीतर शेंडा तोडूनच टाका. कुत्रं तिखट होईल."

घरातल्या बाईंना काही सुचेना. लेकराचा जीव कुत्र्यावर होता. ते रडू लागले.

आता सांगा, यात बरोबर कोण? आजी बरोबर आहे. काकांचे मन चांगले आहे, पण त्यांचा सल्ला चांगला नाही. असे का, ते पुढे पाहू.

शेपूट म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते, शेपूट म्हणजे नुसते मांस आणि केस. तसे नाही. शेपूट हा पाठीच्या कण्याचाच शेवटचा भाग आहे. माळेत मणी असतात, तशी शेपटात लहान लहान हाडे एकापुढे एक असतात. बहुतेक कुत्र्यांत ती वीसच्या आसपास असतात. जातीप्रमाणे कमी-जास्त होतात. हाडांभोवती स्नायू आहेत, रक्ताच्या नळ्या आहेत, नसा आहेत. म्हणून शेपटाला मार लागला की कुत्र्याला फार दुखते.

कुत्रा पळताना, वळताना, उडी मारताना शेपटाने तोल सावरतो. शिवाय शेपूट ही त्याची बोली आहे. मालक दिसला की तो शेपूट हलवतो. भ्याला की पायांत घालतो. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली एक गोष्ट प्रसिद्ध केली. मालकाला पाहून कुत्र्याचे शेपूट उजव्या बाजूला अधिक हलते. अनोळखी, दांडगे कुत्रे दिसले तर ते डाव्या बाजूला अधिक झुकते. एवढी बारीक भाषा त्या शेपटात आहे. ते दुखावले की कुत्र्याची बोलीच बंद पडते.

आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. यातही एक धडा आहे. पुष्कळ कुत्र्यांचे शेपूट मुळातच वळलेले असते. वाकडे दिसले म्हणजे मोडलेच, असे समजू नये. आपल्या कुत्र्याचे शेपूट रोज कसे असते, हे आधी नीट पाहून ठेवावे. मग बदल झाला तर लगेच ओळखता येतो.

मार कसा लागतो?

शेपूट गाडीच्या चाकाखाली येते. दारात चेंगरते. कडबा कापण्याच्या यंत्राजवळ सापडते. लेकरे खेळताना ते ओढतात. दुसरे कुत्रे चावते. काही कुत्री घरी कोणी आले की आनंदाने शेपूट जोरजोरात हलवतात आणि ते भिंतीवर, बाजेच्या पायावर आपटते. शेंड्याची कातडी फुटते. ती जखम भरते आणि पुन्हा फुटते.

आणखी एक दुखणे आहे. त्यात कोणी मारलेले नसते, काही मोडलेलेही नसते. कुत्रे कालव्याच्या किंवा नदीच्या गार पाण्यात फार वेळ पोहते, सवय नसताना दिवसभर पळते, किंवा लहान जागेत कोंडून राहते. दुसऱ्या दिवशी त्याचे शेपूट मुळापाशी थोडे बाहेर येते आणि पुढे ओल्या फडक्यासारखे लोंबते. हे शेपटाच्या स्नायूंचे दुखणे आहे. विश्रांती दिली की बहुधा काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते बरे होते. पण हेच दुखणे आहे की हाड मोडले आहे, ते घरी बसून ठरवता येत नाही. डॉक्टरला दाखवून खात्री करून घ्यावी.

आधी लांबून पाहा

दुखावलेल्या कुत्र्यावर एकदम हात टाकू नये. ते वैर धरून चावत नाही, वेदनेने चावते. लेकरांना बाजूला करावे. कुत्र्याला शांत जागी बसू द्यावे. मग पाच गोष्टी पाहाव्यात.

१. रक्त येते का? थेंब थेंब येते की धार लागली आहे?

२. शेपूट एखाद्या जागी एकदम मोडल्यासारखे वाकले आहे का? सूज आहे का? हाड दिसते का?

३. कुत्रे चारही पायांवर नीट चालते का? मागचे पाय ओढते का?

४. ते खाते-पिते का?

५. त्याला लघवी होते का? शी होते का? की नकळत गळते?

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण असे की, शेपटाच्या मुळापाशी ज्या नसा आहेत, त्यांच्या शेजारीच लघवीच्या पिशवीच्या आणि गुदद्वाराच्या नसा आहेत. शेपूट जोराने ओढले गेले तर या नसाही ताणतात, कधी तुटतात. वरून जखम दिसत नाही. कुत्रे शांत पडून राहते. आपल्याला वाटते, बरे झाले. पण पिशवीत लघवी तुंबते. हे जिवावर बेतू शकते. म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत लघवी झाली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

घरी काय करावे?

कुत्र्याला हात लावायचा असेल तर आधी त्याचे तोंड बांधावे. बैलाला आपण मुसके घालतो, तसेच हे. मऊ कापडाची लांब पट्टी घ्यावी. तिचा फास करून नाकावरून तोंडाभोवती घालावा. पट्टीची टोके हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधावीत. कुत्र्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नये. काम झाले की पट्टी लगेच सोडावी. कुत्रे तोंडाने धापा टाकून अंग गार करते. उन्हाळ्यात तोंड फार वेळ बांधून ठेवले तर ते गुदमरते.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरावे. पाच ते दहा मिनिटे हात काढू नये. दर घडीला उचलून पाहिले तर रक्त पुन्हा सुरू होते.

रक्त थांबले आणि जखम लहान असली तर ती मिठाच्या पाण्याने धुवावी. एक लिटर पाणी उकळून गार करावे. त्यात चहाचे दीड-दोन सपाट चमचे मीठ घालावे. धुतल्यावर स्वच्छ कापड सैल गुंडाळावे. जखम मोठी असली तर फक्त फडके झाकून दवाखान्यात न्यावे.

पट्टी सैल असावी, हे विसरू नका. शेपूट बारीक असते. दोरीने, रबराने किंवा घट्ट फडक्याने आवळले तर रक्त पुढे जात नाही. पुढचा भाग गार पडतो, काळा होतो आणि सडतो. मार लहान असतो, पण पट्टीनेच शेपूट जाते.

कुत्रे जखम चाटू लागले तर तिला ओल येते आणि ती चिघळते. जाड पुठ्ठ्याची गोल कॉलर करून गळ्यात घालावी. पाणी पिता यावे, श्वास मोकळा राहावा, एवढी ती सैल असावी.

खायला साधा भात, भाकरी, थोडे दही द्यावे. आमच्या फाट्यावरची खिचडी माणसाला गोड लागते, पण कांदा, लसूण आणि तिखट घातलेले अन्न कुत्र्याला देऊ नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्ताला अपाय होतो.

काय करू नये?

शेपूट ओढून सरळ करू नये. मोडलेल्या हाडाची टोके आत रुततात.

हळदीचा थर दाबून बसवू नये. हा मुलूख हळदीचा आहे. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. हळदीवर आपला विश्वास आहे, तो असू द्या. पण हळदीने मोडलेले हाड जुळत नाही. उलट थराखाली घाण अडकते आणि जखम दिसेनाशी होते.

घासलेट, पेट्रोल, फिनेल जखमेत ओतू नये. डांबरगोळी कुटून भरू नये. कुत्रे जखम चाटते. हे सारे विष त्याच्या पोटात जाते. जखमेत किडे पडले असतील तर ते काढण्याचे काम डॉक्टरचे आहे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांतच किडे होतात. तेव्हा रोज जखम पाहावी.

माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नये. डोके दुखले की आपण पॅरासिटामॉल घेतो. अंग दुखले की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतो. कुत्र्याचे शरीर ही औषधे आपल्यासारखी पचवत नाही. त्याच्या पोटात रक्तस्राव होतो. मूत्रपिंड, यकृत बिघडते. एका जिवाचे औषध दुसऱ्या जिवाचे विष कसे होते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशातच आहे. डायक्लोफेनॅक दिलेली गुरे मेली. त्यांचे मांस खाऊन गिधाडे मेली. गिधाडे जवळजवळ नाहीशी होऊ लागली. तेव्हा २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले.

शेंडा तोडावा का?

काका म्हणाले, शेंडा तोडला की कुत्रे तिखट होते. हा समज गावोगाव आहे. पिल्लाचे कान किंवा शेपूट कापतात. यात काही तथ्य नाही. कुत्रे धीट होते ते चांगल्या खाण्याने, ममतेने आणि शिकवण्याने. कापण्याने त्याला वेदना होतात, जखम पिकते, कधी पिल्लू दगावते. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. जनावराचा अवयव असा तोडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. दिवाळीत शेपटाला फटाक्यांची माळ बांधणे, हीही क्रूरताच आहे.

कोणी म्हणतात, शेपूटच नसले म्हणजे मार लागणार नाही. ब्रिटनमध्ये याची पाहणी झाली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. दवाखान्यांत आलेल्या सुमारे १ लाख ३८ हजार कुत्र्यांची माहिती पाहिली. त्यांत शेपटाची दुखापत झालेली कुत्री निघाली २८१. म्हणजे हजारात दोन-तीन. एका कुत्र्याची दुखापत टाळण्यासाठी सुमारे पाचशे कुत्र्यांची शेपटे कापावी लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला. आता तुम्हीच सांगा, हा सौदा परवडतो का?

मात्र कधी कधी शेपटाचा भाग सडतो किंवा फार चेंगरतो. तेव्हा डॉक्टर भूल देऊन तेवढा भाग काढतात. तो उपचार आहे. त्याला भिऊ नये. शेपटावाचून कुत्रे चांगले जगते, पळते आणि घर राखते.

डॉक्टरकडे केव्हा न्यावे?

दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही, हाड दिसते, कातडी सोलून निघाली आहे, शेपूट गार किंवा काळे पडले आहे, घाण वास येतो, किडे पडले आहेत, मागचे पाय लटपटतात, लघवी बंद आहे किंवा नकळत गळते, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी त्याच दिवशी न्यावे. यांतले काही नसेल, पण दोन दिवसांत शेपूट हलले नाही, तरीही न्यावे.

आपण ज्याला ढोरांचा दवाखाना म्हणतो, तेथे कुत्र्यालाही तपासतात. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तेथेही विचारता येते. हाडाचा फोटो काढायचा असेल तर डॉक्टर मोठ्या दवाखान्यात पाठवतात. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जनावरांचे डॉक्टर तयार होतात आणि आजारी जनावरांवर उपचारही होतात.

पुष्कळदा शेंड्याजवळचे हाड मोडले तर ते विश्रांतीने आपोआप जुळते. शेपटाला कायमचा वळ राहतो, इतकेच. तेव्हा दवाखान्यात नेले म्हणजे मोठा खर्च होणारच, असे धरून बसू नये. दाखवून तर यावे.

कुत्रे चावले तर

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे आमचे काम आहे. उपचार करताना आपलेच कुत्रे चावले, ओरखडले, तर "घरचंच हाय" म्हणून सोडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, पाला काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुढच्या सुया चुकवू नयेत. पिसाळल्याचा रोग एकदा अंगात उठला की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली कुत्रे चावलेल्या एका मुलाला ही लस पहिल्यांदा दिली. तो मुलगा वाचला.

आणखी एक ध्यानात ठेवा. कुत्र्याचे शेपूट खाली पडले आहे, शिवाय लाळ गळते, आवाज बदलला आहे, ते उगाच अंगावर येते किंवा अंधारात दडून बसते, गिळता येत नाही, तर ती शेपटाची दुखापत नसेलही. ते पिसाळलेले असू शकते. त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला दुरूनच बंद करून डॉक्टरला कळवावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला या रोगाची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी द्यावी.

काळजी कागदावर उतरवा

कुत्र्याला बोलता येत नाही. डॉक्टर विचारतात, "कधीपासून दुखतंय? लघवी कधी झाली?" आपण घाबरलेलो असतो. नीट आठवत नाही. पण आता तुम्हाला लिहिता येते. मग कागद-पेन्सिल घ्या आणि असे लिहा:

सोमवार, दुपारी २. कुत्रे ओरडत आले. शेपूट खाली. रक्त नाही.
सोमवार, संध्याकाळी ६. लघवी केली. भाकर खाल्ली नाही. पाणी प्याले.
मंगळवार, सकाळी ७. अर्धी भाकर खाल्ली. शेंडा थोडा हलला. मुळाशी सूज.

या तीन ओळी डॉक्टरला फार उपयोगी पडतात. घरातल्यांनाही धीर येतो. नुसते "कसं होईल, कसं होईल" म्हणत बसण्यापेक्षा कुत्रे सुधारते की बिघडते, ते कागदावर दिसते. मोतीच्या घरी लेकराला हेच काम द्यावे. ते लांबून पाहील आणि लिहील. त्याचे रडे थांबेल आणि हातून काम होईल.

ध्यानात ठेवा

गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहा.
लेकरांना कुत्र्याचे शेपूट ओढू देऊ नका.
दुखावलेल्या कुत्र्याचे तोंड बांधल्याशिवाय जखमेला हात लावू नका.
पट्टी सैल बांधा. माणसाची गोळी देऊ नका.
लघवी बंद झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

नवे शब्द

मुसके – जनावराच्या तोंडाला घालायचे बंधन
नस – मेंदूचा निरोप अवयवाकडे नेणारा धागा
चिघळणे – जखम ओली होऊन वाढणे
दगावणे – मरणे

प्रश्न

१. शेपूट हा शरीराच्या कोणत्या भागाचा शेवट आहे?
२. शेपटाला मार लागल्यावर लघवीकडे लक्ष का द्यावे?
३. घट्ट पट्टीने काय होते?
४. शेजारच्या काकांच्या सल्ल्यात कोणत्या दोन चुका होत्या?
५. कुत्रे चावल्यावर सर्वांत आधी काय करावे?

करून पाहा

तुमच्या किंवा शेजारच्या कुत्र्याचे शेपूट बसताना, चालताना आणि मालक आल्यावर कसे असते, ते तीन दिवस पाहा. रोज दोन ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. जवळच्या ढोरांच्या दवाखान्याच्या वेळा विचारून त्याही वहीत लिहून ठेवा.